पोकळ सुपाऱ्यांची बरणी

खारघरच्या आमच्या ऑफिसात एक भिंतभर पडदा आहे. कुठल्या टीमने पंधरवड्यात किती काम उरकलं, ते त्यावर रंगीत रेघांनी दिसतं. रेघ वर चढली की पोरं टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. मला रहिमुन्निसा आपांची बरणी आठवते आणि सगळ्यांचा राग येतो. खरं तर तो माझा मलाच आलेला असतो.

सात वर्षांपूर्वी कंपनीने मला टीमप्रमुख म्हणून श्रीवर्धनच्या शाखेत धाडलं होतं. शाखा म्हणजे उझैरच्या घराची माडी. उझैर दुबईची नोकरी सोडून आलेला प्रोग्रामर, त्यानेच कंपनीला जागा दिली होती. पाच माणसं, सहा कॉम्प्युटर, आणि खिडकीतून दिसणाऱ्या सुपारीच्या बागा. मी मूळचा पेणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. समुद्राच्या काठचाच असूनही, आपण कुठेतरी आडगावात येऊन पडलो, असं तोंड करून मी पहिला आठवडा काढला.

आपा तिथे चाचणीचं काम बघायच्या. वय पन्नाशीचं, डोक्यावरून घट्ट घेतलेली ओढणी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका सुपारी खरेदी केंद्रात माल निवडला होता. उझैरच्या टीमने त्या केंद्रासाठी ॲप बनवलं, तेव्हा गंमत म्हणून आपांना वापरायला दिलं. पाच मिनिटांत त्यांनी ते बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी उझैर त्यांच्या घरी जाऊन म्हणाला, "आपा, आमच्याकडे कामाला या."

आमच्या भिंतीवर कार्डांचे तीन रकाने होते. करायचं, चाललंय आणि झालं. प्रत्येक कार्डाला पॉइंट. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तिसऱ्या रकान्यात जेवढे पॉइंट जमा होतील, तेवढा टीमचा वेग. खारघरला तेवढाच आकडा जायचा. आणि त्या तिसऱ्या रकान्याच्या दाराशी आपा ठाण मांडून बसलेल्या, त्या तपासून 'झालं' म्हणाल्याशिवाय कार्ड आत जायचं नाही.

"आपा, चालतंय की सगळं," मी कावून म्हणायचो.

"चालतंय, पण वरनं. सुपारी कवा वरनं कळते काय? गोणीत खाली हात घालायचा, एक काढायची, फोडायची. मग बोलायचं."

त्यांची स्वतःची मोजणी खिडकीत होती, एका काचेच्या बरणीत. आम्ही 'झालं' म्हटलेल्या कामात पुढे बागायतदाराला खोट सापडली, की आपा एक पोकळ सुपारी घ्यायच्या, तिच्यावर पेनाने एक अक्षर लिहायच्या आणि बरणीत टाकायच्या. अक्षर चूक करणाऱ्याचं नसायचं, 'झालं' म्हणणाऱ्याचं असायचं. त्यामुळे जवळजवळ सगळ्या सुपाऱ्यांवर 'र' होता. उझैर चिडवायचा, "आपा, तुमचीच बरणी भरली." त्या हसायच्या, "मग? मीच बोललेली ना." खारघरहून साहेब लोक आले की भिंतीचे फोटो काढून न्यायचे. बरणीतली सुपारी मात्र एकाने खायला मागितली.

त्या दिवसांतली सकाळ मला अजून हवीशी वाटते. सगळे भिंतीपाशी उभे, कालचं काय, आजचं काय, अडलंय कुठे, एवढंच बोलायचं. दहा मिनिटांचं काम आमचं अर्धा तास चालायचं, कारण आपा घरून डब्यात काहीतरी घेऊन यायच्या. हल्ली हेच मी रोज व्हिडिओ कॉलवरच्या चौकोनांशी बोलतो. अगदी दहा मिनिटांत उरकतं.

मग खारघरहून निरोप आला. सलग तीन स्प्रिंट चाळीस पॉइंटांच्या खाली गेले, तर शाखा बंद. दोन आधीच गेले होते. तिसऱ्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता आमचे सदतीस झाले होते, आणि पाच पॉइंटांचं एक कार्ड मधल्या रकान्यात अडकलं होतं. बागायतदाराने माल कुठल्या दिवशी आणायचा याचा मेसेज ॲप पाठवायचं. तो दिवस सुट्टीचा निघाला तर तारीख आपोआप पुढे जावी, एवढंच ते काम.

"रविवार बघितला, बरोबर हाय," आपा म्हणाल्या. "दोन सुट्ट्या लागून आल्या तर काय, ते बघायचं न्हाय झालं. उद्या बघते."

"उद्या शाखाच नसेल, आपा!"

"मग न बघता बोलू?" एवढंच म्हणून त्या दुपारच्या, जोहरच्या नमाजाला घरी गेल्या.

त्यांचा कॉम्प्युटर उघडा होता. मंजुरीचं बटण फक्त त्यांच्याच नावाने चालायचं. मी ते दाबलं. भिंतीवरचं कार्डही सरकवलं. बेचाळीस. परत आल्यावर आपांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. शाखा वाचली म्हणून उझैरने जिलबी मागवली. मी दोनदा घेतली.

त्या वर्षी ईद शनिवारी आली. शनिवारची तारीख ॲपने इमानदारीत पुढे ढकलली आणि रविवारवर नेऊन ठेवली. जूनचा महिना, रविवारचं केंद्राला कुलूप, आणि दारात चाळीसेक बागायतदार, टेम्पोत ताडपत्रीखाली सुकलेल्या सुपारीच्या गोण्या. पाऊस तिरका येत होता. फोन आला तसा मी धावत गेलो. आपा माझ्याआधीच पोचल्या होत्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी घरी आलेले पाहुणे टाकून, नव्या कपड्यांत चिखलात उभ्या राहून त्या लोकांना शीरखुर्मा वाढत होत्या आणि हात जोडत होत्या. येसाजी नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराची अर्धी गोणी भिजली होती. तो म्हणाला, "आपा, तुमी बघितलेलं आसतं म्हनून आमी इस्वास ठेवला." आपांनी खाली बघत त्याची वाटी पुन्हा भरली. मी शेजारी उभा होतो.

सोमवारी खारघरहून विचारणा झाली, मंजुरी कोणी दिली? फोन स्पीकरवर होता. आपा म्हणाल्या, "नाव माझं दिसतंय ना? मग मीच." त्यांना चाचणीवरून काढून तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. संध्याकाळी जाताना त्यांनी माझ्या टेबलावर एक पोकळ सुपारी ठेवली. कोरी. बाजूला पेन.

"अक्षर तू लिव," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं नाही. सुपारी खिशात घातली. दोन वर्षांनी शाखा तशीही बंद झाली, मी खारघरला आलो, बढत्या घेतल्या. सुपारी ड्रॉवरमध्ये चाव्यांबरोबर पडून राहिली. मी भित्रा माणूस आहे, दुसरं काही नाही.

मागच्या महिन्यात पडद्यावर आमची रेघ सगळ्यांच्या वर गेली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी श्रीवर्धन गाठलं. आपा अंगणात सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. बरणी ओट्यावरच होती, तीत आता लिंबाचं लोणचं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, सुपारी काढली, तिच्यावर माझ्या नावाचा 'प' लिहिला आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणालो, "बटण मी दाबलं होतं, आपा. येसाजींनाही सांगून येतो."

त्यांनी चष्मा वर करून अक्षर पाहिलं. सुपारी उलटीपालटी केली. मग म्हणाल्या, "एका कार्डाला सात वर्षं? आणि वेग मोजायला तुला ठेवलाय?"

मी हसायला गेलो आणि रडलो. आपांनी रडू दिलं. मग सुपारी माझ्या हातात परत दिली.

"येसाजीचं घर ठाव हाय ना तुला? आधी जाऊन ये. मग बघू, झालं का ते."