काचेच्या पोर्चमधला पाहुणा

नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले, पण निवृत्तीनंतर मनात सारखी येते ती एक साधी चोरी.

मी मूळचा वसईचा. परदेशात, ब्रॅम्पटन शहराच्या रस्त्यांवर पोलीस म्हणून बरीच वर्षे काढल्यावर मी उत्तरेकडच्या एका ग्रामीण कौंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, बदली मागून घेतली. बायको म्हणाली, “तिथे तू कोणाला अरेस्ट करणार? गाईंना?” खरोखरच आमच्या ठाण्यात हिवाळ्यात खड्ड्यात गेलेल्या गाड्या आणि हरवलेली कुत्री हेच मुख्य काम असे.

त्या कौंटीला जुन्या काळातल्या एका पुढाऱ्याचे नाव दिलेले होते. त्याचा कांस्याचा अर्धपुतळा कौंटी कचेरीच्या दालनात असे. कचेरीची दुरुस्ती निघाली, तेव्हा तो बर्फ काढायच्या गाड्यांच्या शेडमध्ये हलवला. एका सकाळी तो तिथून नाहीसा झाला. कुलूप शाबूत होते. म्हणजे चोराकडे किल्ली होती.

किल्ली असलेल्यांची चौकशी केली. त्यात कौंटीची बर्फ काढायची गाडी चालवून निवृत्त झालेला, पण किल्ली अजून जवळच असलेला एक म्हातारा शेतकरी होता. मी त्याला ठाण्यात बोलावून कॉफी दिली आणि सरळ विचारले, “पुतळा कुठे आहे?”

“सांगता येणार नाही.”

“म्हणजे माहीत नाही?”

“सांगता येणार नाही, असं म्हणालो मी.”

ज्याला खरोखर माहीत नसते तो लगेच ‘माहीत नाही’ म्हणतो. याला खोटे बोलायचे नव्हते आणि खरेही सांगायचे नव्हते. पण तेवढ्यावर अटक होत नाही. मी त्याला जाऊ दिले.

नंतर गावात टपाल वाटणाऱ्या बाईंचा फोन आला. “ऑफिसर, त्या म्हाताऱ्याकडे कोणी पाहुणा आलाय. काचेच्या पोर्चमध्ये लोकरीची टोपी नि मफलर घालून बसलेला असतो. मी रोज हात करते, पण तो कधी हलतसुद्धा नाही. माणूस बरा आहे ना?”

मी हसू दाबून गाडी काढली.

म्हातारा दारात आडवा उभा राहिला. “वॉरंट आहे?” नव्हते. मी परत फिरणार, एवढ्यात आतून एका वृद्ध स्त्रीचा आवाज आला, “कोण आलंय? आत येऊ दे ना त्यांना. थंडीत काय उभं करतोस!”

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि तो बाजूला झाला.

पोर्चमध्ये खुर्चीवर पुढारी विराजमान होते. शेजारी म्हाताऱ्याची बायको. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. मला पाहून ती उभी राहिली. “शाळेची सहल का? या. ही आपली कौंटी ह्यांच्या नावाची. पण हे इथे कधी आलेच नाहीत! राजधानीत बसून कोणीतरी नाव देऊन टाकलं. म्हणून मी ह्यांना रोज सांगते, नदीला किती पाणी आहे, कोणाची गाय व्यायली.”

स्वयंपाकघरात म्हातारा हळू आवाजात बोलू लागला. बायकोने कचेरीत येणाऱ्या शाळकरी मुलांना आयुष्यभर तो पुतळा दाखवला होता. आता स्मृती गेली होती. “मला ओळखत नाही ती. त्याला ओळखते. मी रोज तिला त्याच्याकडे घेऊन जायचो. तिथून त्याला हलवलं, आणि ती त्याला शोधत एकटीच बर्फात निघाली. नदीकाठी सापडली. हातांच्या पट्ट्या बघितल्यात ना? बोटं थंडीने गोठली होती. कचेरीत विचारलं, तर म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत थांबा. तिच्याकडे तेवढा वेळ आहे का?”

“मला अहवाल लिहावा लागेल,” मी म्हणालो.

“लिहा. मला न्या. फक्त त्याला राहू द्या.”

अहवाल लिहिला. एक शब्द गाळला नाही. पण तो घेऊन आधी मी कौंटीच्या प्रमुख बाईंकडे गेलो. त्यांनी वाचला, कोट चढवला आणि म्हणाल्या, “चला.”

म्हातारीने त्यांचेही स्वागत केले. “कुठल्या शाळेतून आलीस, बाळ?”

प्रमुख बाईंनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, “नदीपलीकडच्या. मी लहान असताना तुम्हीच दाखवला होता मला हा पुतळा.”

“मग पुढे ये. मागून काही दिसत नाही.”

त्या पुढे झाल्या आणि सगळी माहिती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी शेवटपर्यंत ऐकली. त्याच दिवशी तक्रार मागे घेतली. पुतळा त्या घरी रीतसर ठेवायला दिला आणि आमच्या वरिष्ठांनी प्रकरण बंद केले.

वसंतात म्हातारी गेली. दफनविधी आटोपल्यावर म्हाताऱ्याने पुतळा स्वतःच कचेरीत आणून दिला. मी मदतीला गेलो होतो. त्याने तो पुसला, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि तो निघून गेला.

संशयिताचे हात बघावेत, डोळे बघावेत, हे प्रशिक्षणात शिकवले होते. या प्रकरणानंतर मी कुठल्याही घरी चौकशीला गेलो की बसण्याआधी विचारायचो, “घरात कोणी आजारी आहे का?” त्या प्रश्नाने माझी कितीतरी कामे सोपी झाली. आणि काही फार अवघड.