गणपतीच्या बादलीतलं पार्सल

आमचे हे, म्हणजे श्रीहरी सुपेकर, विमा कंपनीतून रिटायर झाले आणि थेट युद्धावर गेले. युद्ध इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या बैठकीतच चालतं म्हणा. भिंतीवर नकाशा, हातात माझं लाटणं, समोर मोबाईल. रोज संध्याकाळी सहाला स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर गर्जना: "बातचीत बहुत झाली भिया, आता घुसा!" ऐकणारे चारशे बारा. त्यात मीच दोनदा, दोन फोनवरून. आणि घरात झुरळ दिसलं की हेच आधी पलंगावर चढतात.

परवा बातमी आली. दूर परदेशात, युद्धाच्या बाजूने लिहिणाऱ्या एका ब्लॉगरला कुणीतरी भर कॅफेत त्याचाच पुतळा भेट दिला. पुतळ्यात बॉम्ब होता. माणूस जागीच गेला. वाईटच झालं ते. पण आमचे हे बातमी वाचून पांढरे पडले. म्हणाले, "मनोरमा, आमच्या लाइनीत आता रिस्क वाढली."

"अहो, तुम्हाला गल्लीतला दूधवालाही ओळखत नाही!"

नेमका रविवारी मराठी मंडळात ह्यांचा सत्कार. शाल-श्रीफळ झालं आणि पूर्णिमा स्टेजवर आली. बडा गणपती मंदिराजवळ शाडूचे गणपती घडवते ती. कागदात बांधलेला खोका ह्यांच्या हातात देऊन म्हणाली, "काका, घरी जाऊन उघडा हं."

झालं! रिक्षात खोका कुठे? माझ्या मांडीवर! आणि आमचे शूरवीर पुढे, ड्रायव्हरला चिकटून.

दरवर्षी आम्ही गणपती विसर्जन करतो ती बादली ह्यांनी अंगणात काठोकाठ भरली आणि खोका त्यात बुडवला. मी पोट धरधरून हसले. थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

सकाळी पूर्णिमा आली. "आवडलं का, काका?"

ह्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. मीच ओला कागद सोडवला. आत वर्दीचा एक खांदा उरला होता, बाकी गाळ. पूर्णिमाचा मुलगा मानस फौजेत आहे, बॉर्डरवर. नऊ दिवस त्याचा फोन नाही. तिने त्यालाच घडवलं होतं, वीतभर उंचीचा.

"नकाशाशेजारी ठेवाल म्हणून दिला," ती म्हणाली. "रोज 'घुसा' म्हणता ना, तेव्हा तो समोर असू दे म्हटलं."

ह्यांनी बाही वर न करताच बादलीत हात घातला. चेहरा शोधत होते बिचारे. "पूर्णिमा, चूक झाली गं," एवढंच सारखं म्हणत होते.

तिनेच त्यांचा हात धरून बाहेर काढला. "राहू द्या, काका. हा मातीचा आहे. हा पुन्हा घडवता येतो."

सहाला हे मोबाईलसमोर बसले. लाटणं नकाशापर्यंत गेलं आणि तसंच खाली आलं. "आज खबर एकच," हे म्हणाले, "मानसचा फोन अजून आलेला नाही." आणि लाइव्ह बंद केलं.

मी दोन्ही फोनवरून लाइक दिलं.