फाटक्या जाळ्याची गादी

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये हिराजी सगळा वेळ उभा होता. मी मुलीकडे निघालो होतो आणि तो मणक्याच्या डॉक्टरांकडे. बाकडी अर्धी रिकामी होती. "अरे, बस की," मी म्हणालो. "बसलो तं उठवाया दोघं लागतील," तो म्हणाला आणि हसला. कोळ्याचा मुलगा, हलत्या बोटीत पाय रोवून कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या दिवशी त्यानं खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. धक्का जवळ आला तेव्हा माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "वसंता, तू रिटायर झालास ना? मंग आता तरी बोलशील?" मी म्हणालो, "बघू..." आठ दिवसांनी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. अंथरुणातच गेला, हृदय बंद पडलं. आता दीड महिना होत आला, पण ते 'बघू' काही माझ्या तोंडातून जात नाही.

आम्ही एका वर्गात शिकलो. माझं गाव आत, भातशेतीचं. त्याचं खाडीच्या तोंडाशी. बापाच्या बोटीवर काही वर्षं काढल्यावर तो डोंगरातल्या दगडखाणीत डंपर चालवायला आला. मी तिथे आधीपासून टाइमकीपर होतो. डंपर चालवणं म्हणजे बसून करायचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. मलाही वाटायचं, एकदा हिराजीशेजारी बसून खेप करेपर्यंत. भरलेला डंपर निदान वजनानं दबून चालतो. क्रशरवर दगड ओतून तो रिकामा फिरला, की प्रत्येक खड्डा कमरेतून शिरतो आणि मानेत निघतो, आणि दोन खड्ड्यांच्या मधेही ती थरथर थांबत नाही. मी एका खेपेत उतरलो आणि दुपारचा डबा तसाच परत नेला. हिराजी दिवसभर तेच करायचा. सीटमधला फोम कधीच झिजून गेला होता, खाली नुसता पत्रा. म्हणून त्याच्या बायकोनं, सुलूवहिनींनी, फाटक्या जाळ्याचे तुकडे कोंबून एक जाड गादी शिवली. ती काखेत मारून तो कामावर यायचा आणि आम्ही म्हणायचो, "आले संस्थानिक, गादी घेऊन." तो म्हणायचा, "हसा. तुमच्या बुडाखाली खुर्ची हाय."

त्याच्यासारखी गाडी कुणी चालवली नाही, हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. खड्डा येण्याआधीच त्याचा पाय हलका व्हायचा. "लाट बघून बोट घालायची, तसंच हाय हे," असं सांगायचा. समोर चहाचा पेला ठेवून भरला डंपर खाली आणायची त्याची पैज असायची, आणि ती तो जिंकायचा. या कौशल्यानंच त्याचा घात केला.

ड्रायव्हरांच्या पाठदुखीच्या तक्रारी फार वाढल्या तेव्हा सीटवर बसणारे हादरे मोजायचं ठरलं. सुरक्षा अधिकारी म्हणून नवे साहेब आले होते, गोड बोलणारे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचा तो हिराजी उत्तम चालवतो ना? त्यालाच घेऊ. आकडे चांगले आले की वरचे खूश होतील, मग सगळ्यांना नव्या सीट मागता येतील." मला तेव्हा एवढं साधं सुचू नये, की आकडे चांगले आल्यावर नव्या सीट कोण देणार? पण साहेबानं विश्वासात घेतलं म्हणून मी हुरळून गेलो होतो. मीच हिराजीला सांगितलं, "उद्या झकास चालव, सगळ्यांचं भलं होईल." त्या सकाळी ग्रेडर फिरवून रस्ता सपाट केला होता, वर पाणीही मारलं होतं. हादरे मोजणारी एक रबरी चकती सीटवर ठेवली, म्हणजे वहिनींच्या गादीवर. मोजमाप फक्त भरल्या खेपांचं घेतलं. हिराजीनं त्या दिवशी अशी गाडी चालवली की चहाचा थेंब सांडला नसता. संध्याकाळी त्याला शाल आणि नारळ दिला. अहवालात लिहिलं होतं, हादरे मर्यादेत, चालकाची बैठक समाधानकारक. खाली 'प्रत्यक्ष हजर' या शब्दांपुढे माझी सही. नव्या सीट आल्या नाहीत, आणि साहेब वर्षभरात दुसरीकडे गेले.

पुढे हिराजीचा डावा पाय बधिर होऊ लागला. मग बसणं सुटलं, आणि गाडीही. पाठ कामामुळे गेली एवढं एक वाक्य त्याला लेखी हवं होतं. चौकशी लागली तेव्हा त्याच्यापुढे त्याचाच अहवाल ठेवला, त्याच्याच नावाचा. हादरे मर्यादेत होते, मग पाठ कशानं गेली? खाणीच्या डॉक्टरांनी लिहिलं, पूर्वीच्या मासेमारीमुळे. हिराजीनं माझ्याकडे पाहिलं. ग्रेडर, पाणी, गादी, रिकाम्या खेपा... त्या खोलीत हे सगळं माहीत असलेला तिसरा माणूस नव्हता. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी समोरच्या पंख्याकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "बापाच्या बोटीनं माझी पाठ मोडली म्हंत्यात. बापानं म्हातारपनापर्यंत ती वलवली, ताठ चालत गेला तो." नंतरही आम्ही भेटत राहिलो, पाऊसपाणी बोलत राहिलो. साहेबानं मला फसवलं याची चीड मी वर्षानुवर्षं जपली, कारण ती जपली की पुढचं बघावं लागत नव्हतं. साहेबानं मला फसवलं आणि मी हिराजीला. त्यांनी निदान मला चहा तरी पाजला होता, मी हिराजीला तेवढाही नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. सुलूवहिनी ओटीवर सुकट निवडत होत्या. उठल्या, आत गेल्या आणि ती गादी आणून माझ्यापुढे ठेवली. मधोमध अजून त्याच्या बैठकीचा खळगा होता, शिवण उसवून निळं जाळं बाहेर आलं होतं.

"बसा, भावजी."

मी उभाच राहिलो.

"बसा की. तुमच्या कागदावर लिवलंय ना, बसाया चांगली हाय म्हनून." आवाज चढला नाही त्यांचा. "ह्यांना ठावं व्हतं सगलं. म्हनायचे, वसंता बोलंल. टायम लागंल, पन बोलंल."

मला त्या गादीवर बसता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे, हिराजी, फार उशिरा. ती बैठक खाणीची नव्हती, तुझ्या बायकोनं शिवलेली होती. रस्ता त्या दिवसापुरता सपाट केला होता. रिकामी खेप एकही मोजली नाही. तुझी पाठ डंपरनं खाल्ली, तुझ्या बापाच्या बोटीचा त्यात काही दोष नव्हता. मी प्रत्यक्ष हजर होतो.