बासष्ट ओळी

सखारामचा 'स' गेला होता. स्क्रीनवर पहिल्याच ओळीत इंग्रजी अक्षरांत नुसतं 'अखाराम' उरलं होतं. त्याच्या खाली अकरा नावं नीट टाइप केलेली. आणि त्याच्याही खाली जिथे एक नंबरपासून यादी सुरू व्हायला हवी होती, तिथे थेट त्रेसष्ट नंबर. मधले बासष्ट शेतकरी फाइलमधून नाहीसे झाले होते. खिडकीबाहेर मात्र ते सगळेच्या सगळे, कापसाने भरलेल्या गाड्यांसकट उभे होते.

मी तेव्हा नेरच्या एका कापूस खरेदी केंद्रावर कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. बाहेर कापसाला भाव नव्हता, त्यामुळे जो तो हमीभावासाठी केंद्रावर यायचा. गाड्यांची रांग दोन-दोन, तीन-तीन दिवस हलायची नाही. त्या दिवशी तर आणखी एक घोर होता. गोदाम भरत आलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत जेवढ्या गाड्यांचा काटा होईल तेवढा होईल, उद्यापासून केंद्र बंद, पुन्हा कधी उघडेल ते वरच्यांनाच माहीत.

त्यात आमच्या चौकीदारांनी घोळ घातला. दारव्हा रोडच्या फाटकावर एक चिठ्ठीबुक आणि अमरावती रोडच्या फाटकावर दुसरं, दोन्ही एक नंबरपासून सुरू. म्हणजे एका नंबरचे दोन-दोन मालक. सकाळी आठ वाजता लोक बैल हाकायच्या तुतारीने एकमेकांना टोचायच्या बेतात होते. शेवटी भीमराव काका नावाचे एक वयस्क शेतकरी मध्ये पडले. दोन्ही फाटकांची चार-चार माणसं माझ्या खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, तू लिव. आमी सांगतो कोन कोनाच्या आंधी आला."

अडीच तास आम्ही बसलो. दारव्ह्याच्या चिठ्ठीला मी पुढे डी लावला, अमरावतीच्या चिठ्ठीला ए. हा काल सांजच्याला आला, तो आज पहाटे, असं करत एकशे अठ्ठावीस नावांचा क्रम लागला. तंटा मिटावा म्हणून भीमराव काकांनी स्वतःची गाडी मागे घेतली. त्यांचा नंबर एकशे तेवीस.

इथे माझ्या एडिटरबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा प्रोग्राम. माझा एडिटर हवा तसा वळवता यायचा आणि मी तो फारच वळवला होता. त्यात एका जुन्या एडिटरची पद्धत बसवली होती. त्या पद्धतीत कीबोर्डला दोन अवस्था असतात. एकीत कळ दाबली की अक्षर उमटतं, नेहमीसारखं. दुसरीत अक्षर उमटत नाही, प्रत्येक कळ हुकूम होते. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ उचलली जाते, पी दाबला की ती हवी तिथे बसते. हुकमाआधी आकडा दाबला तर तो हुकूम तितक्या ओळींना लागतो. माऊसला हात लावायचा नाही. सकाळी मी अशा पटापट ओळी हलवत होतो आणि ती आठ माणसं तोंडात बोट घालून बघत होती. मला गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

क्रम लागल्यावर काकांनी तो बाहेर मोठ्याने वाचून दाखवायला लावला. सगळ्यांनी मान डोलावली. मी फाइल सेव्ह केली, पहिल्या ओळीवर आलो, हुकमांच्या अवस्थेत गेलो (हात उचलताना तसंच करायची माझी सवय) आणि प्रिंटरची रिबन आणायला स्टोअरमध्ये गेलो. प्रिंट काढायची तेवढी राहिली होती.

मधल्या वेळेत दारव्हा फाटकावर उशिरा आलेल्या बारा जणांचा कागद घेऊन आमच्या टायपिस्ट कुसुमताई आल्या. सव्वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेल्या बाई. त्यांचं एकच तत्त्व, नजर कागदावर, यंत्राकडे बघायचं नाही. मला मदत व्हावी म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि कागद बघून टाइप करू लागल्या. पहिलाच नंबर होता बासष्ट डी.

माझ्या एडिटरने ते हुकूम म्हणून ऐकलं. मोठ्या डीचा अर्थ, इथपासून ओळीच्या शेवटापर्यंत पूस. आधी बासष्ट, म्हणजे अशा बासष्ट ओळी. पुढचा, सखारामचा मोठा एसही हुकूमच ठरला आणि त्याने लिहायची अवस्था चालू केली, त्यामुळे सखारामची उरलेली अक्षरं आणि बाकीचे अकरा जण सुरळीत उमटले. कुसुमताईंनी मान वर केली तेव्हा स्क्रीनवर त्यांचंच टायपिंग दिसत होतं. त्यांनी माऊसने सेव्ह केलं आणि एडिटर शिस्तीत बंदही केला.

बंद केला म्हणजे केलेलं उलटवायची सोय संपली. एडिटर जुन्या फाइलची एक प्रत आपणहून ठेवतो, पण फोल्डरमध्ये गर्दी होते म्हणून ती सोय मी स्वतःच बंद करून टाकली होती. मी खुर्चीत बसून फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. बाहेर कोणीतरी ओरडलं, "प्रिंट झाली का नाई बे?"

केंद्रप्रमुख गावंडे साहेब आत आले. त्यांना सांगितलं. ते आधी कुसुमताईंकडे वळले. "ताई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"मी तं नेहमीसारखंच टाइप केलं, साहेब," कुसुमताई म्हणाल्या.

"चूक माझी आहे साहेब. मीच उघडं टाकून गेलो," मी म्हणालो.

साहेबांनी दार लावून घेतलं. "हे पहा, बाहेर बोलायचं नाही. एक नाव ए चं, एक डी चं असं लावा अन् मारा प्रिंट. कोणाच्या लक्षात राहून राहिलं?"

सगळ्यांच्या लक्षात होतं. अर्ध्या तासापूर्वीच वाचून झालं होतं. चुकीची यादी लागली असती तर कॉम्प्युटरवाल्याने पैसे खाल्ले असंच लोक म्हणाले असते, आणि मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं. मला भयंकर भीती वाटत होती. मार खायची वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या आठ जणांच्या तोंडाकडे बघायची. तरीही मागच्या दाराने मी भीमराव काकांना आत बोलावलं आणि जे झालं ते सांगून टाकलं.

काकांनी स्क्रीनकडे बोट केलं. "पार गेलं?"

"पार गेलं काका. पण त्रेसष्टपासून पुढची यादी शाबूत आहे. तिथून काटा चालू करू का? तोवर मी वरची पुन्हा लावतो. काट्याचा वेळ तरी वाया जाणार नाही."

"मंग माहा नंबर दुपारीच लागते," काका म्हणाले.

"हो."

"अन् एक नंबरवाला पायत राह्यते. नाई भाऊ. सकाळी म्याच सगळ्यायले गप बसवलं. आता माह्याच गाडीचा फायदा झाला तं लोक माह्या तोंडात शेन घालतीन. पहिला तो पहिला."

"मग काय करायचं?"

"कायले घाबरतं? इचार न एकेकाले, तुह्या पुढं कोन अन् मांगं कोन. दोघायच्या समोर इचार, म्हंजे कोनी लबाडी करनार नाई."

बाहेर जाऊन त्यांनीच सांगितलं. काही शिव्या आल्या, एक ढेकूळ खिडकीच्या गजावर आदळून फुटलं. मी मान खाली घातली. मग माणसं खिडकीशी येऊ लागली. नाव, चिठ्ठीचा नंबर, पुढे कोण, मागे कोण. मी ओळ लिहायचो, हुकमांच्या अवस्थेत जायचो, ओळ उचलून जागेवर बसवायचो आणि दर ओळीला सेव्ह करायचो. सकाळी बोटं झरझर चालत होती, आता दोनदा बघितल्याशिवाय एक कळ दाबवत नव्हती. कुसुमताई शेजारी उभ्या राहून प्रत्येक नाव कागदावर पेनाने उतरवत होत्या. आता त्यांची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

एकोणीस आणि वीस नंबरात वाद झाला. दोघंही म्हणत होते, मी पुढे. काकांनी दोघांच्या मागच्याला बोलावलं. तो म्हणाला, "माह्या पुढं हा होता, लाल शेल्यावाला." लाल शेल्यावाला वीसवर बसला, कुरकुरत का होईना. बारा वाजता बासष्टावं नाव जागेवर आलं. पुन्हा वाचन झालं. एकही हरकत आली नाही. कधी नव्हे ते साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पण काटा अकराला सुरू व्हायचा तो बाराला सुरू झाला. काट्याचा वेग ठरलेला होता, तासाला वीस गाड्या. सकाळी साहेबांनीच हिशेब केला होता, सात तासांत एकशे चाळीस, म्हणजे उशिरा आलेले बारा धरून सगळ्यांचा निकाल लागेल. आता हातात सहा तास होते. हे गणित दुपारी दोनच्या सुमारास माझ्या डोक्यात आलं. मी दर पाच मिनिटांनी काट्याकडे जाऊन नंबर विचारत होतो. काटेवाला वैतागून म्हणाला, "तू इथं उभा राह्यल्यानं काटा काय पळनार हाय का?"

सहा वाजता एकशे वीस नंबरची गाडी काट्यावरून उतरली आणि गोदामाचं दार लागलं. साहेबांना मी आणखी अर्धा तास मागितला. त्यांनी वर फोनही लावला. वरून नाही म्हणाले.

भीमराव काका बैल जुंपत होते. मी जवळ गेलो. "काका, माझ्यामुळे..." एवढंच तोंडातून निघालं.

"लिस्ट बराबर होती न?" त्यांनी विचारलं.

"हो, बरोबर होती."

"मंग झालं," ते म्हणाले आणि गाडी दारव्हा रोडला लागली. कापूस तसाच, वरून बांधलेली ताडपत्रीसुद्धा सोडली नव्हती.

नंतर मी बऱ्याच कचेऱ्यांत कॉम्प्युटरवर काम केलं. नव्या पोरांना एवढंच सांगतो, ठरलेली गोष्ट आधी कागदावर घ्या आणि मग काय ती हुशारी दाखवा. आपल्या सोयीची अवजारं फक्त आपल्याच हातात सोयीची असतात. खुर्चीतून उठताना फाइल बंद करून उठावं, त्याला काही लागत नाही.

केंद्र पुन्हा उघडलं ते अडीच आठवड्यांनी. नव्या यादीत पहिलं नाव मी भीमराव काकांचं टाकलं, कोणालाही न विचारता. सकाळी फाटकावर त्या नावाचा तीनदा पुकारा झाला. मग रांगेतला कोणीतरी म्हणाला, त्यांनी तं कापूस तवाच व्यापाऱ्याले देऊन टाकला, आणि दोन नंबरची गाडी काट्यावर चढली.