हरून कंटाळलेला खलनायक

चित्रकथांच्या मासिकाला एक खलनायक हवा होता, तोही आठवड्याच्या आत. तोवर तिच्याकडे चित्रांची कामं यायची ती शब्दकोड्यांभोवतीच्या वेलबुट्टीची, त्यामुळे संपादकाला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिने चार चेहरे काढले. चारही पापभीरू कारकुनासारखे दिसले. तेवढ्यात चहात साखर कमी पडली म्हणून सासरे दारात येऊन उभे राहिले. जुळलेल्या भुवया, पोपटासारखं नाक, खाली ओढलेले ओठ. तिचा हात आपोआप चालू लागला.

खलनायक धो धो चालला. दर महिन्याला तो जग जिंकायला निघे आणि शेवटच्या चौकटीत तोंडावर आपटे. घरात मात्र ती अंक कपड्यांखाली दडवून ठेवी. सासऱ्यांच्या लेखी हे काम म्हणजे रेघोट्या. टेबल बाहेर काढायला त्यांना निमित्तच हवं होतं. नवऱ्याने आधीच हात झटकले होते. सापडलीस तर मी तुला ओळखत नाही, म्हणाला.

बिंग फोडलं न्हाव्याने. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला अंक त्याने आरशापाशी धरला, चित्राकडे पाहिलं, साबण लावलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वस्तरा ठेवून पोट धरून हसला.

सासरे घरी आले तेव्हा एका गालावर साबण वाळला होता आणि काखेत जुन्या अंकांचा गठ्ठा होता. नवऱ्याला बाहेरचं काहीतरी काम आठवलं. तिने शाईच्या बाटलीला झाकण लावलं.

"सूनबाई, हा मीच ना?"

"हो, बाबा."

"मग दर वेळी मीच का हरतो? तेही त्या मिसरूड न फुटलेल्या पोराकडून?"

खलनायकाने हरायचंच असतं, असा नियम असल्याचं तिने सांगितलं. नियम त्यांना अजिबात पटला नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी जिंकता येणार नाही, पण निसटता येईल, यावर तडजोड झाली.

टेबल दुसऱ्याच दिवशी हललं. हमालाला दम देत सासऱ्यांनी ते बैठकीत, खिडकीशी लावून घेतलं. तिथे उजेड चांगला होता आणि चित्रासाठी छत्रीची बंदूक रोखून त्यांना उभं राहायला जागाही. पुढची सगळी वर्षं तिने तिथेच चित्रं काढली. संपादक कुरकुरला, पण वाचक खूश होते, आणि खलनायक पुन्हा कधी कोणाच्या हाती लागला नाही.