विदोवा आणि पाट्यावरची हळद

बहिणीच्या हळदीला मी रोहिणखेडला गेलो तेव्हा बॅगेत कागद होते. मी बुलढाण्याच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतो. एका कोशासाठी 'विदोवा' या शब्दाची नोंद द्यायची होती. रशियन, पोलिश वगैरे स्लाव भाषांची जी मूळ भाषा, तिच्यातला हा शब्द. ती भाषा कुणी लिहून ठेवली नाही. पुढच्या भाषांवरून अभ्यासकांनी अंदाजानं उभी केली, म्हणून अशा शब्दाआधी तारा काढतात. विदोवा म्हणजे विधवा. आपल्या शब्दाची सख्खी बहीणच.

ओट्यावर बसून मी रूपं मांडत होतो. विदोवा, षष्ठीला विदोवी, चतुर्थीला विदोवे, द्वितीयेला विदोवों, हाक मारताना विदोवो. मूळ अर्थ बहुधा एकटी पडलेली. आपल्या पंडितांनी 'वि' म्हणजे विना आणि 'धव' अशी चुकीची फोड केली आणि त्यातून नवऱ्यासाठी 'धव' हा शब्द पाडला. म्हणजे विधवा आधीची, धव मागाहूनचा! मी आपला खूश. काय ती अक्कल!

तेवढ्यात माय आली. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळूच म्हणाली, "बापू, तू म्हनशीन तं मीबी लावतो पोरीले हयद. एकच बोट. तुह्यं ऐकतीन सारे."

आमच्याकडे हळद वाटायची ती पाच सवाष्णींनी आणि लावायचीही त्यांनीच. मांडवात आत्या डोळे वटारून उभी. मी पेनसुद्धा खाली ठेवला नाही.

"राहू दे माय. लोकं नावं ठेवतीन. उद्या पोरीचं काई कमीजास्त झालं तं तुह्याच माथी मारतीन."

"हाव, तेबी खरंच," म्हणाली आणि आत गेली.

हळद लागली. जेवणाआधी मी मागच्या मोरीवर गेलो, तर माय खाली बसून विटेच्या तुकड्यानं तळहात घासत होती. दोन्ही हात पिवळेजर्द. सवाष्णी यायच्या आधी तिनं एकटीनंच पाट्यावर हळद वाटून वाटी देवापुढे ठेवली होती. आत्याला वाटलं, शेजारणींनी वाटली. पाचही जणींनी लावली ती तीच.

"कोनाले सांगू नको रे," ती म्हणाली. "निंगूनच नाही राह्यली मेली."

तिचा हात धरून मांडवात न्यायला हवं होतं. मी मेल्यानं मागचं दार लोटलं, बादली उचलली आणि रंग जाईपर्यंत तिच्या हातांवर पाणी ओतलं.

नोंद वेळेत गेली, चूक एकही निघाली नाही. माय आता नाही. ती हळद कुणी वाटली होती, हे बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही.