खडकाखालची भेग

ओल्या मुरमाचा वास आला की वडगाव रासाईची आमची विहीर आठवते. मी शाळेत असताना एकदा भर दुपारी वडील दोराला धरून अडकलेली मोटर सोडवायला खाली उतरले होते. वारा नव्हता, तरी पाणी थरथरू लागलं. "अहो, वर या! जमीन हलतीय!" आई ओरडली. कडेचे दगड सुटून धबाधब पाण्यात पडू लागले. आईनं आणि मी जीव खाऊन दोर ओढला. वर येताच वडील धापा टाकत म्हणाले, "एवढा घट्ट काळा खडक, मंग हलला कसा?" आज मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. खोलवर खडकाला जुन्या भेगा असतात, वर्षानुवर्षं ताण साठतो आणि जमीन तिथंच सरकते, हे परवा वडिलांना समजावलं. ते म्हणाले, "म्हंजी ती भेग अजून हाय खाली."